सांभाळणाऱ्याचा सांभाळ

सूर्यास्त होऊन तास लोटलेला असतो. सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, "सूनबाई, आज जेवायला दिलेच नाही?" दिवस मावळण्यापूर्वी जेवून त्यांनी चौविहाराचे पच्चक्खाण घेतलेले असते, परंतु ते त्यांच्या स्मरणात उरलेले नसते. ४० वर्षे पेढीचा हिशेब मुखोद्गत असलेल्या गृहस्थांचा हा प्रश्न शेजारी ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी उपाश्रयाच्या पायरीवर सुनेविषयी कुजबुज सुरू होते. पर्युषणाच्या ८ दिवसांत तिला एकही प्रवचन लाभले नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही.

स्मृतिभ्रंश, अर्थात डिमेन्शिया, हा मेंदूचा आजार आहे. "वय झाले" म्हणून तो सोडून देणे ही चूक ठरते. अल्झायमर हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण. मात्र थायरॉईडच्या किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही विस्मरण वाढते आणि त्यावर उपचार आहेत. शाकाहारात बी-१२ मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळत असल्याने आपल्या घरांनी ही रक्ततपासणी अवश्य करावी.

निदान वेळेवर झाले तर व्यवहारही मार्गी लागतात. ज्येष्ठ व्यक्ती समजून-उमजून सही करू शकते तोवरच इच्छापत्र, नामनिर्देशन व संयुक्त खाते यांची व्यवस्था करावी. केवळ मुखत्यारपत्रावर विसंबू नये. १८७२ च्या करार कायद्यानुसार ते लिहून देणाऱ्याची आकलनशक्ती हरपली की मुखत्याराचा अधिकार संपतो. मग न्यायालयाची पायरी चढावी लागते.

राहिला तो सायंकाळचा प्रश्न. पच्चक्खाणातच शास्त्रकारांनी आगार ठेवले आहेत. 'अनाभोग', म्हणजे विस्मरण, हा त्यांतीलच एक. शास्त्राने ज्या विस्मरणाला सवलत दिली, त्यापायी समाजाने सुनेला दोष का द्यावा? अशा प्रसंगी काय करावे, हे गुरुमहाराजांना विचारून ठेवावे. वाद घालून आजाऱ्याला पटत नाही. जवळ बसून नवकार म्हटला तर पुष्कळदा तेही सोबत म्हणू लागतात आणि मन निवळते.

परंतु हे रोज करणारी व्यक्तीही थकते. तिची झोप मोडते, माहेर दुरावते, मन कोमेजते. वैयावृत्त्य हे ६ आभ्यंतर तपांपैकी एक आहे आणि ग्लान साधूची सेवा त्यात आवर्जून सांगितली आहे. तोच भाव संघातील प्रत्येक ग्लानाच्या उंबरठ्यापर्यंत न्यावयास हवा. महिला मंडळाने व युवकांनी अशा घरांची यादी करावी, आठवड्यातून २ तास आळीपाळीने तेथे बसावे. ज्येष्ठांसाठीची केंद्र शासनाची १४५६७ ही विनामूल्य हेल्पलाईनही त्या घरांना कळवावी.

पर्युषणात चढावे मोठ्या उत्साहाने बोलले जातात. यंदा आणखी एक चढावा बोलावा, रुपयांऐवजी तासांचा. कोणीतरी सासऱ्यांजवळ बसावे आणि त्या सूनबाईंना एक सकाळ तरी निश्चिंतपणे प्रवचन ऐकता यावे.