विश्लेषण : अँटिबॉडी प्रथिन शोधते, पण भूममधील बालकाचा आजार कोण शोधणार?

सतत खोकला, वारंवार न्यूमोनिया, न वाढणारे वजन. भूमसारख्या तालुक्यात अशा बालकाबाबत आधी क्षयरोग किंवा कुपोषणाचा विचार होतो. सिस्टिक फायब्रोसिस क्वचितच आठवतो. या आजारातील प्रथिन ओळखणाऱ्या अँटिबॉडी संशोधकांच्या हाती आहेत, औषधेही आली आहेत. तरी निदानाची साधी चाचणी जिल्ह्यात मिळाल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही.

आजार नेमका काय?

पेशीच्या आवरणातून क्षार ये-जा करू देणारे ‘सीएफटीआर’ नावाचे प्रथिन असते. त्याचे जनुक १९८९ मध्ये सापडले. जनुकात दोष असेल तर फुप्फुसातील आणि स्वादुपिंडातील स्राव घट्ट होतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मराठवाड्यात मामा-आत्याच्या मुलांमध्ये लग्ने होतात. अशा नात्यात दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते.

अँटिबॉडी काय सांगते?

अँटिबॉडी ठरावीक प्रथिनालाच चिकटते. पेशींतील प्रथिने आकारानुसार वेगळी करून ती टाकली की सीएफटीआरचा पट्टा दिसतो. पूर्ण तयार झालेले प्रथिन जड असल्याने त्याचा पट्टा वर, तर अर्धवट प्रथिनाचा खाली येतो. ‘एफ५०८डेल’ या सर्वाधिक आढळणाऱ्या दोषात जवळपास खालचाच पट्टा उरतो. भूमच्या खवा भट्टीवरून कच्चा माल बाहेर जाऊ नये, तशी पेशी हे प्रथिन अडवते आणि नष्ट करते. औषध दिल्यावर वरचा पट्टा परतला, तर प्रथिन घडू लागल्याचे कळते. मात्र सीएफटीआर पेशीत अत्यल्प असते आणि कमी दर्जाची अँटिबॉडी भलत्याच प्रथिनालाही चिकटते. त्यामुळे हे प्रथिनच नसलेल्या पेशींवर तिची पडताळणी करावी लागते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात तयार झालेल्या ‘५९६’ आणि ‘५७०’ सारख्या अँटिबॉडी यासाठी संशोधकांना दिल्या जातात.

तिच्याने रुग्णाचे निदान होते का?

नाही, ते संशोधनाचे साधन आहे. निदानाचा मुख्य आधार घामाची चाचणी आहे. घामात क्लोराइड ६० मिलीमोल प्रति लिटर किंवा त्याहून अधिक असेल तर आजाराची शक्यता बळावते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या उष्णतेच्या लाटेत या आजाराची बालके क्षार गमावून कोसळू लागली. त्यातूनच घामातील मिठाकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा धोका कमी नाही. बाळाला चाटल्यावर खारट लागणे ही आईने सांगितलेली बाब म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये.

औषधे कोणासाठी?

अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन औषधांचे ‘ट्रायकाफ्टा’ हे मिश्रण मंजूर झाले. त्याची तिथली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरहून अधिक होती. ते प्रामुख्याने ‘एफ५०८डेल’ असलेल्यांना लागू पडते. भारतीय रुग्णांत या दोषाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, म्हणून येथील दोषांवर वेगळे संशोधन हवे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यापैकी एक आहे. पण निदानच झाले नाही, तर भूमचे कुटुंब मुंबईला कोणत्या कागदावर जाणार?

काय व्हायला हवे?

घामाची चाचणी महागडी यंत्रणा मागत नाही. ती मागते प्रशिक्षित हात, अचूक मोजमाप आणि नियमित वापर. धाराशिवमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस ही चाचणी ठेवावी आणि वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या बालकांना तालुक्यांतून तिकडे पाठवावे. मुंबईच्या महागड्या औषधाची चर्चा त्यानंतरच अर्थपूर्ण ठरेल.