घर भाड्याने देणे आहे, पण कोणाला?



उन्हाळा आला की ईडन प्रेरीत आपल्या मंडळींच्या दारात सामानाचे ट्रक दिसू लागतात. कोणीतरी टाउनहोम सोडून मोठ्या घरात निघालेलं असतं, आणि जुनं घर विकण्यापेक्षा "भाड्याने देऊन टाकू" असं ठरतं. मग मला फोन येतो. मी काही या धंद्यातला नाही. २००९ साली आमचं टाउनहोम विकायला काढलं तेव्हा बाजार असा पडला होता की कर्जाइतकीही किंमत येईना. नाइलाजाने घरमालक झालो. तेवढ्या भांडवलावर लोक मला जाणकार समजतात!

पहिला प्रश्न ठरलेला असतो. "भाडेकरू घर बळकावणार नाही ना?" ही भीती आपण विमानातून सोबत आणलेली आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू हलले नाहीत, पागडी आली, अकरा महिन्यांचे करार आले. मिनेसोटात तसं काही नाही. भाडं थकलं तर चौदा दिवसांची लेखी नोटीस द्यायची आणि मग हेनेपिन काउंटीच्या कोर्टात जायचं. मात्र रागाच्या भरात कुलूप बदललंत तर गुन्हेगार तुम्ही ठराल, भाडेकरू नव्हे.

दुसरा प्रश्न पैशांचा. तो थोडक्यात उरकतो, कारण त्याची उत्तरं तुमचा कर सल्लागार माझ्यापेक्षा चांगली देईल. फक्त एवढं लक्षात ठेवा की घरात तुम्ही राहत नसाल तर होमस्टेडचा दर्जा जातो आणि मालमत्ता कराचा हिशेब बदलतो. विमाही बदलून घ्यावा लागतो. घराची किंमत (जमीन वगळून) साडेसत्तावीस वर्षांत घसारा म्हणून वजा होते खरी, पण नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न दीड लाख डॉलर्सच्या वर असेल तर भाड्यातला तोटा पगारातून वजा करता येत नाही, तो पुढे ओढला जातो. आपल्यातल्या बहुतेक दोन पगारांच्या घरांना हे ऐकून धक्का बसतो. शिवाय शहराचा परवाना आणि असोसिएशनचे नियम आधी पाहा. कित्येक असोसिएशन्स भाड्याने द्यायच्या घरांवर मर्यादा घालतात.

खरा प्रश्न तिसरा. तो जरा आवाज खाली आणून विचारला जातो. "चांगला भाडेकरू कसा मिळवायचा? म्हणजे... आपल्यातला?"

इथे मला माझीच गोष्ट सांगितली पाहिजे. २००९ साली मी ओळखीच्या भारतीय मंडळींना एक ईमेल पाठवली होती. "दोन बेडरूमचे टाउनहोम भाड्याने देणे आहे. भारतीय कुटुंबास प्राधान्य. शाकाहारी असल्यास उत्तम." आम्ही स्वतः मासे खातो, हे वेगळं सांगायला नको. बायकोने ते वाचलं आणि एकच विचारलं, "पुण्यातली खोली आठवते का?"

आठवत होती. १९९६ साली नोकरीसाठी पुण्यात खोली शोधत होतो. घरमालकांनी चहा दिला, गाव विचारलं, शेवटी आडनाव विचारलं. आडनाव सांगितल्यावर खोली "कालच गेली" असं त्यांच्या लक्षात आलं. पाटी मात्र पुढचे दोन आठवडे तिथेच होती. तो अपमान उरात घेऊन अमेरिकेत आलेला मी, किल्ली हातात येताच तेच वाक्य जरा सभ्य भाषेत लिहून मोकळा झालो होतो.

ते वाक्य नुसतं लाजिरवाणं नव्हतं, बेकायदेशीरही होतं. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून भाडेकरू निवडता येत नाही. पुढे त्यात लिंग, अपंगत्व आणि मुलंबाळं असणं यांचीही भर पडली. लहान मालकांना या कायद्यात काही सवलती आहेत, पण जाहिरातीत अशी पसंती लिहिण्याची सवलत त्यांनाही नाही. 'शाकाहारी' हा शब्द कायद्यात सापडणार नाही. पण तो कशासाठी लिहिला जातो हे आपल्याला चांगलं माहीत आहे, आणि न्यायाधीशालाही समजावून सांगता येईल. जातीचं म्हणाल तर २०२३ साली सिएटलने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर.

कोणी म्हणेल, घर माझं, निवड माझी. हे वाक्य या काउंटीत जुनं आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या 'मॅपिंग प्रेज्युडिस' प्रकल्पाने मिनिआपोलिस आणि आसपासच्या घरांची हजारो खरेदीखतं शोधून काढली आहेत. कृष्णवर्णीयांना हे घर विकू वा भाड्याने देऊ नये, असं त्यांत लिहिलेलं आहे; कित्येकांत आशियाई लोकांचीही नावं आहेत. आणि आपल्याकडचं उदाहरण तर प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना डोकं टेकायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही घर दिलं नाही. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते बागेत बसून राहिले.

तर मी ती ईमेल मागे घेतली, माफीसकट. एका कागदावर अटी लिहिल्या: भाड्याच्या तिप्पट उत्पन्न, आधीच्या मालकाचा दाखला, क्रेडिट रिपोर्ट, आणि पहिला पूर्ण अर्ज येईल त्याला घर. हा कागद अर्जदारांची तोंडं पाहण्याआधी लिहायचा, नंतर नाही. नंतर लिहिला की अटी आपोआप आपल्याला हव्या त्या माणसाच्या मापाच्या होतात. पहिला पूर्ण अर्ज एका सोमाली बाईंचा आला. नर्सिंग होममध्ये नोकरी, दोन मुलं. ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाने "आपल्यात कसला अर्ज" म्हणत कागद भरलाच नव्हता. ते अजूनही माझ्याशी जेमतेम बोलतात.

त्या बाई चार वर्षं राहिल्या. आदर्श भाडेकरू वगैरे म्हणणार नाही, दोनदा भाडं उशिरा आलं. पण मीही आदर्श मालक नव्हतो. जानेवारीत शुक्रवारी रात्री फर्नेस बंद पडला तेव्हा जादा पैसे वाचवायला मी "सोमवारी बघू" म्हणालो होतो. बायकोने फोन हिसकावून घेतला म्हणून शनिवारी पहाटे माणूस आला. १ जानेवारी २०२४ पासून तर ऑक्टोबर ते एप्रिल किमान अडुसष्ट अंश फॅरनहाइट उष्णता पुरवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि दार वाजवण्याआधी साधारणपणे चोवीस तासांची सूचनाही. "सहज डोकावून आलो" हे आता चालत नाही.

घर सोडताना डिपॉझिटचा हिशेब करायला गेलो. इथे ते तीन आठवड्यांत, वर्षाला एक टक्का व्याजासह परत द्यायचं असतं, आणि वापराने होणाऱ्या साध्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. ओट्यावर पिवळा डाग दिसला. मी भुवया उंचावून म्हणालो, "हे काय?" बाईंनी शांतपणे फोन काढला आणि राहायला आल्या त्या दिवशी घेतलेले फोटो दाखवले. डाग तेव्हाही होता. आमच्या हळदीचा.