डोंगरावरची कॉफी आणि तांब्याभर पाणी

गेल्या शनिवारी आवराआवर करताना माळ्यावरचं ट्रेकिंगचं खोकं खाली काढलं. आत निघालं ते असं: एक एरोप्रेस, एक तीन कपांचा मोका पॉट, फ्रेंच प्रेसची नुसती चौकट (काच कधीच गेली), हातानं पंप करायचं एक एस्प्रेसो यंत्र, हातानं फिरवायचा ग्राइंडर, आणि सगळ्यात खाली जुन्या टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा साधा फिल्टर. बायकोनं एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"यातलं तू नेतोस काय काय?"

प्रश्न रास्त होता. उत्तर जरा लाजिरवाणं आहे. ते द्यायला दोन मिनिटं लागतात, म्हणून म्हटलं लिहूनच काढू. तसंही दर हिवाळ्यात ऑफिसमधलं कुणी ना कुणी "कॅम्पिंगला कॉफीसाठी काय घेऊ रे?" असं विचारतंच. आणि मी दरवेळी वेगळं उत्तर देत आलोय, कारण मीच दरवेळी नवीन काहीतरी विकत घेतलेलं असायचं.

तर माझं आजचं मत सरळ सांगतो. डोंगरावर नेायचं साधन कॉफी कशी होते यावरून निवडू नका. माणसं किती आहेत आणि पाणी कुठून येणार आहे, यावरून निवडा. हे मला कळायला काही वर्षं आणि बरेच पैसे लागले.

सुरुवात झाली २०११ च्या मे महिन्यात. काजवे बघायला आम्ही चौघं राजमाचीला गेलो होतो. लोणावळ्याहून पंधरा-सोळा किलोमीटरची चाल, मग वर उधेवाडी. एका घराच्या अंगणात तंबू टाकले, रात्री काकूंच्या हातची भाकरी-पिठलं, आणि नंतर झाडंच्या झाडं लुकलुकताना पाहिली. त्याबद्दल लिहायला बसलो तर हा लेख तिकडेच जाईल. असो.

सकाळी मी मोठ्या थाटात फ्रेंच प्रेस बाहेर काढली. नवी होती. व्हिडिओत दाखवतात तसं आधी गरम पाणी ओतून काच तापवली, ते पाणी फेकलं. मग कॉफी केली. उत्कृष्ट झाली, वाद नाही. मग धुणं. फ्रेंच प्रेसचा चोथा तळाशी चिखलासारखा बसतो आणि जाळीत अडकतो. एकदा खळबळलं, दोनदा खळबळलं, जाळी सुटी करून तिसऱ्यांदा. काकू ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "दादा, लई पानी लागतं का वो तुमच्या कॉफीला?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. मी हसून काहीतरी उत्तर दिलं. तासाभरानं त्या डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढ चढून येताना दिसल्या, तेव्हा माझं मी गणित केलं. चार कप कॉफीसाठी मी दोन लिटरच्या वर पाणी सांडलं होतं. मे महिना. पावसाला अजून वेळ. सह्याद्रीत पाऊस कोसळतो तो चार महिने, आणि मेमध्ये त्याच डोंगरावर पाणी मोजून वापरतात, हे शाळेत भूगोलात वाचलेलं होतंच. पण मी नळ उघडणारा माणूस. माझ्या डोक्यात पाणी हे साहित्यात धरतच नव्हते!

परतीच्या जीपच्या टपावर ती काच फुटली. मला फारसं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर आला एरोप्रेस, आणि याच्याबद्दल माझं मत अजूनही चांगलंच आहे. अॅलन अॅडलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं तो २००५ मध्ये बाजारात आणला. हा माणूस त्याआधी लांबवर उडणाऱ्या फेकचकत्या बनवण्यासाठी प्रसिद्ध होता. प्लॅस्टिकची एक मोठी सिरिंज समजा. तळाला कागदी गाळणी, आत कॉफी आणि पाणी, वरून दाबायचं. फुटत नाही, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे दाबून झाल्यावर चोथ्याची कोरडी वडी पिशवीत ढकलली की संपलं. चमचाभर पाण्यात साफ, नाहीतर नुसतं पुसलं तरी चालतं. पाण्याचा प्रश्न सुटला म्हणून मी खूश.

मग आम्ही आठ जण भंडारदऱ्याला गेलो, जलाशयाच्या काठी. डिसेंबर, दात वाजवणारी थंडी. पहाटे सगळ्यांना कॉफी हवी. एका कपाला पाणी तापवणं, ढवळणं, थांबणं, दाबणं, वडी काढणं धरून चार मिनिटं. आठ कपांना बत्तीस. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच थ्रेड आणि रांगेत आठ रिक्वेस्ट. पहिल्याचा कप संपून तो दुसरा मागायला आला, तेव्हा आठव्याला पहिला मिळायचा होता. माझी पाठ पाण्याकडे, तोंड स्टोव्हकडे. मागून "अरे बघ, बघ!" असे आवाज येत होते. मी वळलो तेव्हा धुकं उठून गेलेलं, सूर्य हातभर वर आलेला आणि सगळे फोटो काढून मोकळे झालेले. (घट्ट अर्क काढून त्यात पाणी घातलं की एका दाबात दोन कप होतात, हे ठाऊक आहे. तरी सोळा मिनिटं होतातच.)

म्हणजे एकट्यादुकट्याला एरोप्रेस, डोळे झाकून. तिघांपर्यंत ठीक. त्यापुढे तुम्ही मित्र राहत नाही, कँटीनवाले होता.

मोका पॉटचा मोह मलाही झाला. दिसतो झकास. इटलीत १९३३ मध्ये अल्फोन्सो बियालेत्तीनं आणलेला तो आठ पैलूंचा अॅल्युमिनियमचा लोटा. खालच्या भांड्यातलं पाणी वाफेच्या दाबानं कॉफीतून वर चढतं. घरच्या शेगडीवर उत्तम. पण ट्रेकिंगच्या स्टोव्हचे तीन पाय टोप ठेवायच्या बेतानं पसरलेले असतात, त्यावर हे चिमुकलं भांडं डगमगतं. ज्योत भांड्याबाहेर आली की प्लॅस्टिकचा कान वितळायला लागतो. आणि दुसरी फेरी करायची तर गरम लोटा उघडता येत नाही, तो थंड होण्याची वाट बघा नाहीतर वर पाणी ओता. परत पाणी! घरी ठेवा.

हातपंपाच्या एस्प्रेसो यंत्राबद्दल थोडक्यात. माझ्याकडचं ३३६ ग्रॅमचं आहे आणि एका वेळी जास्तीत जास्त ८० मिलिलिटर पाणी घेतं. वर दाट सोनेरी फेस येतो. सोबतचे लोक "वा!" म्हणतात आणि मग चहा कुठे मिळेल ते विचारतात.

ग्राइंडरवर मात्र लोक माझ्याशी भांडतात. ताजी दळलेली कॉफी चांगली, मान्य. घरी मी रोज दळतोच. पण शुक्रवारी रात्री दळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरलेली कॉफी रविवारी सकाळपर्यंत इतकी काही मरत नाही, की त्यासाठी अर्धा किलो लोखंड पाठीवर वाहावं. उघड्यावर, थंडीत, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना तो फरक ओळखून दाखवणारा अजून मला भेटलेला नाही. भेटला तर ग्राइंडर त्यालाच देईन.

आणखी एक शंका नेहमी येते: उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, मग कॉफी कच्ची राहते का? दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी, असा ढोबळ हिशोब धरा. आपलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तिथे पाणी ९४-९५ अंशांना उकळतं. कॉफीला तेवढं पुष्कळ झालं. एरोप्रेसच्या कर्त्याची स्वतःची शिफारस तर ८० अंशांची होती. डाळ शिजायला वेळ लागेल तो लागेल, कॉफीचं काही अडत नाही. अडतं ते वाऱ्यामुळे, ज्योत टिकत नाही. आडोसा करा, पण गॅसच्या डब्याला चहूबाजूंनी पत्रा किंवा फॉइल गुंडाळू नका, डबा तापतो आणि ते धोक्याचं आहे. लडाख-हिमाचलला जाणार असाल तर नुसत्या ब्यूटेनचा डबा चालणार नाही. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो, त्यामुळे प्रोपेन मिसळलेला घ्या. आणि तो तिकडेच घ्या, विमानात कुठल्याच सामानात नेऊ देत नाहीत.

आता टॉवेलात गुंडाळलेला फिल्टर.

बंगळूरला नोकरीला असताना माझा रूममेट म्हैसूरचा होता. रोज रात्री झोपण्यापूर्वी हा गडी फिल्टरमध्ये कॉफी भरून, वर गरम पाणी ओतून, झाकण लावून झोपायचा. सकाळी खालच्या भांड्यात डिकॉक्शन तयार. दूध तापवलं की कॉफी. मी तेव्हा तिथे अडीच वर्षं ती कॉफी प्यायलो, पण हे कॅम्पिंगचं साधन आहे हे डोक्यात आलं नाही. भंडारदऱ्याहून परतताना गाडीत एकदम आलं. अरे, हा तर रात्रीचा बॅच जॉब! रात्री लावून ठेवायचा, सकाळी आउटपुट उचलायचं.

पुढच्या ट्रेकला तुळशीबागेतून घेतलेला मोठा फिल्टर नेला. आठ जणांचा हिशोब असा: साठ-पासष्ट ग्रॅम पावडर वरच्या भांड्यात, चकतीनं हलकंच दाबायची, वर पावणेचारशे मिलिलिटर उकळतं पाणी. कॉफी स्वतःच्या वजनाच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली अडीचशेच्या आसपास डिकॉक्शन उतरतं. माणशी तीस मिलिलिटर. रात्री जेवण उरकून गप्पा रंगल्या की स्टोव्ह पेटलेलाच असतो, तेव्हाच हे काम करून टाकायचं. सकाळी डिकॉक्शन गार असतं, पण कडकडीत दूध ओतलं की हरकत नाही. एक टोप दूध, सात-आठ मिनिटं, आणि आठही जण एकाच वेळी हातात पेला घेऊन उभे. मीसुद्धा. फुटायला काच नाही, वितळायला कान नाही, कागद नाही, हरवायला रबराची वायसर नाही.

आणि धुणं? तिथे धुवायचाच नाही. रात्रभर निथळलेला चोथा घट्ट झालेला असतो, फिल्टर तसाच पिशवीत बांधून घरी आणायचा. सोमवारी सकाळी आमच्या सिंकमध्ये त्याचं जे होतं त्याबद्दल बायकोचं वेगळं मत आहे.

खोडी यातही आहेत. पावडर मैद्यासारखी बारीक असली, किंवा चकती जोर लावून दाबली, तर पाणी तुंबतं आणि सकाळी वरचं भांडं भरलेलं, खालचं रिकामं. उघडावाघडा ठेवला तर रात्री कुणाची तरी लाथ बसते (अनुभव). चिकोरी घातलेली पावडर घ्यावी की नाही यावर युद्ध होऊ शकतं. मी दुधाच्या कॉफीसाठी थोडी चिकोरी असलेलीच घेतो, अर्क दाट उतरतो. बिनदुधाची कॉफी पिणाऱ्यांना हा प्रकार आवडणार नाही. त्यांनी एरोप्रेस आणावा आणि आपला आपण करून प्यावा.

इन्स्टंटला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. आमच्या घरी कॉफी म्हणजे वाटीत साखर, इन्स्टंट पावडर आणि चार थेंब पाणी घालून पांढरी होईपर्यंत फेटलेली, वर चिमूटभर जायफळ. त्याला लागणारं साधन म्हणजे चमचा. पहिल्यांदाच कॅम्पिंगला जाणाऱ्यानं तेवढंच न्यावं असं माझं प्रामाणिक मत आहे. पहिल्या वेळी तंबू उभा राहिला तरी पुष्कळ.

दोन वर्षांनी, परत मेमध्येच, राजमाचीला त्याच घरी गेलो. दूध त्यांच्याकडूनच घेतलं. सकाळी काकूंना पेला दिला. त्यांनी फुंकर मारून एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला.

"कडू हाय. पर बरी हाय." मग इकडेतिकडे बघून, "आन् ते धुवायचं?"

घरी नेतो म्हटलं. त्यांना ते फार विनोदी वाटलं. खरकटं भांडं पाठीवर बांधून पुण्याला नेणारा माणूस त्यांनी सुनेला बोलावून दाखवला.

तर खोक्याचा निकाल: फिल्टर आणि एरोप्रेस परत माळ्यावर. मोका पॉट स्वयंपाकघरात, तिथे तो सुखात आहे. फ्रेंच प्रेसची चौकट भंगारात. एस्प्रेसो यंत्र मात्र चालू स्थितीत आहे, डबी आणि ब्रशसकट. पुण्यात कुणाला हवं असेल तर कळवा, शनिवारी सकाळी येऊन घेऊन जा. कॉफी पाजीन. यंत्राची नाही, फिल्टरची.