पाच नवरे मोजणारे

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात भर दुपारी एक शोमरोनी बाई घागर घेऊन विहिरीवर येते. काठावर एक थकलेला यहुदी बसलेला असतो, तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तीच चकित होऊन विचारते, तुम्ही यहुदी, आणि माझ्या हातचं पाणी मागता? महाराष्ट्रात या प्रश्नाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागू नये. जोतिराव फुल्यांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तरी १९२७ साली महाडला तळ्यावरच्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला.

पण प्रवचनांतून ही बाई कशासाठी उभी केली जाते? तिच्या पाच नवऱ्यांसाठी! येशू तिला एवढंच म्हणतो, की तुला पाच नवरे झाले आणि आता आहे तो तुझा नवरा नाही. पाच जण मेले की त्यांनी तिला टाकलं, याबद्दल मजकुरात अक्षर नाही. तो तिला पापिणी म्हणत नाही, यापुढे नीट वाग असंही बजावत नाही. उलट देवाची उपासना कुठे आणि कशी करावी, या त्या काळच्या सर्वांत कडू वादावर तिच्याशी बरोबरीनं बोलत बसतो. गावात जेवण आणायला गेलेले शिष्य परततात तेव्हा त्यांना आश्चर्य वाटतं ते तो एका बाईशी बोलतोय याचं. वाचणारी मंडळी बहुधा त्या शिष्यांच्याच पंगतीतली. देवाबद्दल ती काय बोलली हे कुणाला आठवत नाही, नवऱ्यांचा आकडा मात्र तोंडपाठ.

पंडिता रमाबाईंना ही गोष्ट इंग्लंडमध्ये भेटली. वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांनी लंडनच्या फुलम भागातलं एक घर पाहिलं. ‘पतित’ म्हणून समाजानं टाकलेल्या बायकांना तिथे मायेनं सांभाळलं जात होतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा एका भगिनीनं त्यांना शोमरोनी बाईची हकीकत वाचून दाखवली. व्यभिचारी बाईला राजानं चारचौघांत कुत्र्यांकडून फाडून खाववावं, ही मनुस्मृतीतली आज्ञा रमाबाई जाणून होत्या. आपला देश अशा बायांशी कसा वागतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग दोन्ही बाजूंची न्यायालयं भरली. रमाबाईंनी ख्रिस्ताचं देवत्व, त्रैक्य, चर्चचा अधिकार यांवर प्रश्न विचारायला सुरुवात केली. शुभवर्तमान मी स्वतः वाचीन आणि पटेल तेच मानीन, हा त्यांचा आग्रह मठातल्या वडीलधाऱ्या भगिनींना गर्व वाटला. रमाबाईंच्या अंडं न खाण्यातही त्यांना जातीचा ताठा दिसला, आणि तो संशय अगदीच बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्याच चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी सूचना आली, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. भर विहिरीवर एका बाईशी धर्मचर्चा करणाऱ्याच्या नावानं हे बिशप बोलत होते!

इकडे पुण्याची मंडळी निराळी नव्हती. विधवांसाठी १८८९ साली उघडलेल्या शारदासदनावर आधी कौतुकाचा वर्षाव झाला. १८९३ साली काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असं कळताच गहजब झाला. पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. धर्मांतराची भीती खोटी होती असं नाही. रमाबाईंना आपला ख्रिस्त लपवायचा नव्हता. पण केशवपन केलेल्या बालविधवा घराघरांत कोपऱ्यात बसल्या होत्या तेव्हा धर्म बुडाला नव्हता, तो बुडायला लागला मुलगी गुडघे टेकून बसल्यावर. रमाबाईंच्या धर्मांतराची पाठराखण कुणी केली होती? फुल्यांनी, आठ वर्षं आधीच, ‘सत्सार’मध्ये. येशूला बळीराजाच्या रांगेत बसवणारे फुले कधी ख्रिस्ती झाले नाहीत, हे ध्यानात ठेवावं.

शुभवर्तमानं एकमुखानं बोलतात असा दावा मी करत नाही. विहिरीची ही गोष्ट फक्त योहानात आहे. मत्तयात येशू शिष्यांना शोमरोन्यांच्या गावात शिरू नका असं सांगतो, आणि मुलीसाठी पदर पसरणाऱ्या परक्या बाईला ऐकवतो, की मुलांची भाकरी कुत्र्यांना टाकणं बरं नव्हे. भाविक हे वाक्य घाईघाईनं गोड करतात, टीकाकार तेवढंच उचलून धरतात. ती बाई मात्र तिथल्या तिथे उत्तर देते, की कुत्रीसुद्धा मालकाच्या मेजावरून पडलेला चुरा खातात. आणि तो ऐकतो. चारही पुस्तकांत वादात त्याला मागे हटवणारं दुसरं माणूस मला तरी सापडत नाही. आपल्याकडच्या कुठल्या आचार्यानं, कुठल्या बिशपानं परजातीच्या बाईपुढे अशी माघार घेतली?

ख्रिस्ती समाजानं पाणी तरी एक केलं का? ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं सोवळं एका दिवसात सुटलं नाही आणि ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ते लपवलंही नाही, एवढा प्रामाणिकपणा पुढे फार थोड्यांनी दाखवला. गोव्यात कॅथलिक स्थळांच्या जाहिरातीत आजही बामण की चारडो, अशी जात विचारली जाते, धर्मांतराला चार शतकं उलटून गेल्यावर. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलित ख्रिस्त्यांना वेगळं ठेवायला भिंत घातली गेली. एका वेदीपुढे भाकर मोडून खाल्लेल्या माणसांना मेल्यावर शेजार नको होता.

सरकारचा न्याय याहून सोयीचा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. शिखांना १९५६ साली, बौद्धांना १९९० साली त्या मिळाल्या. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. तुमच्या धर्मात जात नाही, असं त्यांना सांगितलं जातं. चर्चचे धुरीण दिल्लीला जाऊन सांगतात, आमच्यात जात आहे, म्हणून सवलत द्या. मग गावी परतल्यावर त्यांनी त्या दफनभूमीची भिंत कुणाच्या परवानगीनं उभी ठेवली, हे एकदा त्यांच्याच सभासदांनी त्यांना भर चर्चमध्ये विचारावं.