आधी पिंजरा, मग इंजिन



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक म्हणत. त्यात आता आणखी एक भर घालायला हरकत नाही : गाडी पाहावी जोडून! घराशेजारच्या गॅरेजमध्ये सुट्टीच्या दिवशी खपून शर्यतीचा ट्रक बांधणाऱ्या लोकांची हकिकत आज तुम्हाला सांगायची आहे. शर्यत म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर शंकरपट येईल. ही शर्यत यंत्रांची. पण डांबरी सडकेवरची नव्हे. दगडधोंडे, वाळू, ओढे आणि डोळ्यांत जाणारा फुफाटा यांतून धावायची.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या खाली मेक्सिको देशाची एक लांबलचक, ओसाड पट्टी समुद्रात शिरलेली आहे. तिचे नाव बाहा कॅलिफोर्निया. १९६७ साली तिथे तिहुआनापासून ला पाझपर्यंत पहिली मोठी शर्यत झाली. ती जिंकली कोणी? कुठल्या बलदंड गाडीने नव्हे. ब्रूस मायर्स नावाच्या होड्या बांधणाऱ्या कारागिराने फायबरग्लासचा सांगाडा करून त्यात छोट्या बीटल मोटारीचे इंजिन बसवले होते. अशी पहिली गाडी त्याने १९६४ साली आपल्या घरच्या गॅरेजमध्येच तयार केली. तशाच एका हलक्या गाडीने व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी ते अंतर २७ तास ३८ मिनिटांत कापले. हीच शर्यत पुढे ‘बाहा १०००’ म्हणून नावारूपाला आली. नंतर तिथे पिकअप ट्रकही उतरले. १९९४ पासून ‘ट्रॉफी ट्रक’ असा त्यांचा खास वर्गच झाला. त्यांतले कित्येक ट्रक फार महागडे असतात. पण घरी बांधलेल्या गाड्या घेऊन येणारे हौशी लोकही त्याच धुळीत उतरतात.

आता तुम्ही म्हणाल, असा ट्रक बांधायला घेतला तर पहिले काम कोणते? इंजिन ताकदवान करणे? नाही. जुना पिकअप आणायचा, तो हाडापर्यंत उघडा करायचा आणि पहिल्यांदा माणसाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा उभा करायचा. कारण बांधणारा मनाशी धरूनच चालतो की ही गाडी एक ना एक दिवस उलटणार.

जड ट्रकासाठी साधारण दोन इंच व्यासाची आणि तीन मिलिमीटर जाडीची नळी घेतात. ती यंत्रावर वाकवतात, म्हणजे बाकाच्या जागी चेपत नाही. आपल्या छपराच्या कैचीत जसे त्रिकोण असतात तसे पिंजऱ्यातही त्रिकोण साधतात. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. नळ्या आधी नुसते टाके मारून उभ्या करायच्या, ओळंबा लावायचा, दोन्ही कर्ण मोजायचे, आणि मगच एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे वेल्डिंग पुरे करायचे. एकाच बाजूने उरकले तर तापून सगळे वाकडे होते. महत्त्वाच्या सांध्यांवर त्रिकोणी पट्ट्या बसवतात. वेल्डिंग चकचकीत दिसावे म्हणून ते ग्राइंडरने घासत नाहीत. रूप येते, पण सांधा पातळ होतो.

पिंजरा झाला की चाकांचे काम. साधे पाटे काढून लांब स्प्रिंगा आणि मोठे शॉकॉब बसवतात. उत्तम ट्रकाचे चाक पुढे सुमारे दोन फूट आणि मागे त्याहूनही जास्त वरखाली होते. शॉकॉबमधले तेल तापून फेसाळले की त्यांचा जोर जातो. म्हणून त्यांत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. रेडिएटर पुष्कळदा मागच्या हौद्यात नेतात, म्हणजे पुढून येणारा दगड आणि चिखल त्याला लागत नाही. पेट्रोलची टाकी आतून रबरी पिशवीची असते. बाहेरचा डबा चेपला तरी ती सहसा फुटत नाही. आणि हवेचा फिल्टर? तो तर जिवापाड जपतात. फुफाटा इंजिनात गेला की पिस्टन आणि रिंगा झिजल्याच. नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा फिल्टर साफ करायला ज्यांना फुरसत होत नाही त्यांनी एवढी एक गोष्ट तरी आज गाठीला बांधावी.

शर्यतीआधी परीक्षक गाडी तपासतात. नळीची जाडी मोजता यावी म्हणून तिला बारीक भोक ठेवावे लागते, असाही काही ठिकाणी नियम आहे. बसणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची बैठक, प्रत्येकाला पट्टे, खिडकीला जाळी. जागा दोन असतील तर माणसेही दोनच. तिसऱ्याला ‘ये रे, बस कडेला’ असे कोणी म्हणत नाही.

मंडळी, इथेच मला आपला ट्रॅक्टर आठवतो. त्या हौशी लोकांना उलटायची भीती वाटते, आणि बांधावरून रोज ट्रॅक्टर चढवणाऱ्या आपल्याला वाटत नाही! चाक चिखलात रुतले, मागे ट्रॉली जड आहे, आणि आपण जोराने क्लच सोडला, तर मागचे चाक फिरण्याऐवजी पुढचे तोंडच वर उचलले जाते. पाऊण सेकंदात ते अशा टोकाला जाते की तिथून परत फिरणे नाही. पाऊण सेकंदात माणूस ‘अगं आई’ एवढेही पुरते म्हणू शकत नाही. ओढायची साखळी ठरलेल्या ड्रॉबारऐवजी वर कुठे तरी अडकवली, तर हा धोका फारच वाढतो.

याला उपाय तोच आहे : चालकाभोवती पोलादी चौकट. स्वीडन देशाने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली, आणि तिथले ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे फार कमी झाले. आपल्याकडचे कितीतरी ट्रॅक्टर मात्र अजून उघडेच फिरतात. उन्हासाठी वर छत लावलेले असते. पण ते छत म्हणजे चौकट नव्हे; ते सावली देते, जीव वाचवत नाही.

मात्र एक सांगून ठेवतो. शर्यतीचा पिंजरा लोक घरी करतात म्हणून आपणही गावातल्या वेल्डरकडून पाइप वाकवून घ्यावा, असे मुळीच नाही. त्या लोकांच्या डोक्यावर नियम आहेत आणि पुढे परीक्षकही उभा आहे. ट्रॅक्टरची चौकट त्याच मॉडेलसाठी केलेली आणि चाचणीत उतरलेलीच घ्यावी. तिला नवे भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये. आणि चौकट असेल तर पट्टा जरूर बांधावा; चौकट नसेल तर बांधू नये, कारण मग पट्टा माणसाला यंत्राखालीच धरून ठेवतो.

नवा ट्रॅक्टर घ्यायला जाल तेव्हा किती अश्वशक्ती, हप्ता किती, हे तुम्ही विचारालच. घरच्या मंडळींनी आणखी एक प्रश्न विचारावा : चौकट आहे का? आणि तोवर एक गोष्ट आजपासूनच करता येईल, तिला दमडीही लागत नाही. मडगार्डवर पोराला बसवू नका. तो कितीही रडो, हट्ट करो, त्याला खाली उतरवा. रडे दोन घटकांत थांबते.