सुगंधी तेल आणि पाण्याचा ड्रम

पावसाळा सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांत डासांशी लढाई सुरू होते. कॉइलच्या धुराने मुलांना खोकला येतो, म्हणून अनेक गृहिणी सिट्रोनेला किंवा निलगिरीच्या तेलाकडे वळतात. नैसर्गिक म्हणजे निर्धोक आणि खात्रीचे, असा आपला समज असतो. तो कितपत खरा?

डास माणसाला हुडकतो तो श्वासातून बाहेर पडणारा वायू, घाम आणि अंगाची ऊब यांवरून. वनस्पतींच्या तेलाचा उग्र वास त्याची दिशाभूल करतो. परंतु हे तेल हवेत भराभर उडून जाते आणि त्याबरोबर संरक्षणही संपते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत डेंग्यूचा प्रसार करणारे एडिस डास वापरले होते. सिट्रोनेलाची उत्पादने सरासरीने वीस मिनिटेही टिकली नाहीत. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून केलेले औषध सुमारे दोन तास टिकले, तर सुमारे २४ टक्के ‘डीट’ असलेले रासायनिक औषध पाच तास. शिवाय त्या निलगिरीचे औषध तीन वर्षांखालील मुलांना लावू नये, असा अमेरिकी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

एडिस चावतो दिवसा आणि अंडी घालतो घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आता आपल्या शहराकडे पाहा. पैठणचा नाथसागर भरला तरी येथील नळांना वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी येत आले आहे. साहजिकच प्रत्येक घरात ड्रम, हौद आणि टाक्या भरून ठेवाव्या लागतात. म्हणजे पाणीटंचाईच डासांना घर देते!

म्हणून तेल जरूर लावा, संध्याकाळी अंगणात बसताना तेवढाच दिलासा. पण ड्रमवर घट्ट झाकण हवे. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून भांडी आतून घासायला हवीत, कारण काठाला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत.

एवढे घरच्यांनी करावे. पुढचे काम महापालिकेचे. २०२० साली भूमिपूजन झालेल्या, तेव्हा १,६८० कोटींच्या असलेल्या पाणी योजनेकडे आरोग्याची योजना म्हणूनही पाहिले पाहिजे. नळाला रोज पाणी आले, तर साठवण्याची गरज घटेल आणि एडिसचा आसराही.