ब्रंच करणाऱ्यांना आमच्या नावानं टोचू नका

रविवारी दहा-अकराच्या सुमाराला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो फोटो येतोच. एका बाजूला बर्फात बंदूक घेऊन उभा जवान, दुसऱ्या बाजूला शहरातल्या एखाद्या नावाजलेल्या बेकरी-रेस्टॉरंटमध्ये बसलेली पोरं-पोरी, पुढ्यात केक, आम्लेट, कॉफीचे मोठे मग. खाली ओळ लिहिलेली असते की हे सीमेवर उभे आहेत आणि तुम्ही ब्रंच करताय. नोटाबंदीच्या वेळी बँकेच्या रांगेत कुरकुरणाऱ्यांना हाच टोमणा मारत होते, तेव्हापासून तो काही संपलेला नाही.

त्या बर्फातल्या माणसाला कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगतो. आमचं नाव यात घेऊ नका. लोकांनी रविवारी उशिरा उठून, बेकरीत जाऊन, दोन तास गप्पा मारत खावं, यात जवानाचा अपमान कसला?

सध्या माझा मुक्काम चरोद्याला आहे. भिलाईला लागून, रायपूर आणि दुर्गच्या मधलं हे रेल्वेचं गाव. मालगाड्यांचं प्रचंड मोठं यार्ड आहे, रात्रभर डबे जोडल्याचे धक्के ऐकू येतात. पलीकडं पोलाद कारखाना. इथं सकाळी नाश्ता आणि दुपारी जेवण हे वेळापत्रक फार थोड्यांच्या नशिबी. रात्रपाळी करून आलेला माणूस ठेल्यावर पोहे-जिलेबी खातो, घरी जाऊन झोपतो, उठला की पुन्हा त्याची सकाळ होते. आमच्या लंगरमध्येही रात्रीची गस्त संपवून आलेली पार्टी दहा-साडेदहाला पुरी-भाजी आणि मगभर चहा घेऊन बसते. त्याला नाश्ता म्हणा की जेवण. इंग्रजीत ‘ब्रंच’ हा शब्द पहिल्यांदा 1895 साली गाय बेरिंजर नावाच्या लेखकानं एका शिकारीच्या साप्ताहिकात मांडला असं सांगतात. त्याचं म्हणणं एवढंच होतं की रविवारी उशिरा उठणाऱ्या माणसाला एकच सुखाचं खाणं मिळावं. आमच्या लंगरच्या उस्तादानं काही तो लेख वाचलेला नाही.

आणि बेकरी ही फौजेला परकी गोष्ट आहे असं कोणी समजत असेल तर त्यानं एकदा पुण्याच्या कॅम्पात फिरून यावं. गोऱ्या पलटणींना रोज पाव लागायचा, तो भाजणाऱ्या भट्ट्या छावण्यांच्या आसऱ्यानं वाढल्या. आमच्या सातारकडची कित्येक पोरं सुट्टीवर निघाली की अजूनही कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीच्या रांगेत उभी राहून श्रूजबेरी बिस्किटांचे खोके घेतात. 1955 पासूनची बेकरी आहे ती. फौजी माणसाची ट्रंक आणि बेकरीचा खोका एकाच एसटीत किती वेळा गावी गेले असतील, त्याला हिशेब नाही.

पण मला खरं बोलायचंय ते पुण्याच्याच दुसऱ्या एका बेकरीबद्दल. कोरेगाव पार्कातली जर्मन बेकरी. 1989 ला सुरू झालेली. लाकडी बाकडी, ब्रेड, केक, चहा-कॉफी, शेजारी ओशो आश्रम, त्यामुळं देशोदेशीची माणसं. कॉलेजची पोरं तिथं एका कॉफीवर तासन्‌तास बसत. 13 फेब्रुवारी 2010, शनिवार. संध्याकाळी सातच्या आसपास तिथं ठेवलेल्या एका पिशवीत स्फोट झाला. 17 माणसं गेली. त्यात शिकायला आलेली पोरं होती, परदेशी पाहुणे होते.

सहा वर्षांनी, 1 जुलै 2016 च्या रात्री, ढाक्याच्या गुलशन भागातली होली आर्टिझन बेकरी. तीही अशीच, बेकरी आणि रेस्टॉरंट एकत्र. हल्लेखोरांनी आत घुसून लोकांना ओलीस धरलं. 20 ओलीस मारले गेले, दोन पोलीस अधिकारी गेले, आणि सकाळी बांगलादेशच्या लष्करी कमांडोंनी आत शिरून ती जागा मोकळी केली. त्याआधी 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथंही माणसं टेबलाशी जेवत बसली होती.

आता जरा विचार करा. मारणाऱ्यांनी दारूगोळ्याचं कोठार सोडून पाव आणि कॉफी मिळणारी जागा का निवडली? एक तर तिथं पहारा नसतो, हे उघड आहे. दुसरं असं की तिथं माणसं निवांत असतात. पाठ दाराकडं, चप्पल अर्धी काढलेली, मूल मांडीवर. जाती-धर्माची, देशाची चौकशी न करता एका बाकावर बसलेली. त्यांना मोडायचा होता तो हा निवांतपणा. मग आपणच उठून ‘लाज नाही वाटत का इथं बसायला’ म्हणून लोकांना हिणवायचं, हे कोणाचं काम आपण करतोय?

जर्मन बेकरी 2013 मध्ये पुन्हा उघडली. लिओपोल्ड तर काही दिवसांतच उघडलं, भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा त्यांनी तशाच ठेवल्या. ढाक्याची बेकरी पुढच्या वर्षी दुसऱ्या जागी सुरू झाली. त्यानंतर तिथं पहिल्यांदा जाऊन बसलेल्या गिऱ्हाइकांना कोणी पदक दिलेलं नाही. माझ्या मते त्यांचा त्यात वाटा होता.

गेल्या महिन्यात बायको आणि मुलीला घेऊन मेमूनं रायपूरला गेलो होतो. मुलीनं मोबाइलवर शोधून ठेवलेलं एक बेकरी-रेस्टॉरंट. आत शिरल्याबरोबर मी भिंतीकडची खुर्ची धरली, दार समोर दिसेल अशी. ही सवय सगळ्या फौजींना असते, ठरवून होत नाही. बायको म्हणाली, “अहो, इथं कोणाला अडवायचंय? इकडं या, मला तिकडं बसू द्या, पंखा आहे.” जागा बदलली. पाठीमागं दार, खुर्च्या सरकल्याचे आवाज, एक लहान पोरगं सारखं ये-जा करतंय. पहिली दहा मिनिटं मान मागं वळत होती. मग पाव आला, गरम, वर लोणी वितळत असलेलं, आणि मुलगी शाळेतलं काहीतरी सांगायला लागली. ऑपरेशनच्या इलाक्यातून आलेल्या माणसाला दाराकडं पाठ करून अर्धा तास बसता येणं ही केवढी गोष्ट आहे, ते तुम्हाला सांगून कळणार नाही, आणि कळू नये हेच बरं. तुम्हाला ते फुकट मिळावं म्हणूनच तर आम्हाला पगार आहे.

बिल बघून बायकोनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एवढंच. महाग होतंच. माझं या ब्रंचबद्दल काही वाकडं मत असेल तर ते शेजारच्या टेबलाबद्दल, जिथं फोटो काढून झाल्यावर निम्मा ब्रेड तसाच टाकून मंडळी उठली. लंगरमध्ये ताटात टाकलेलं उस्ताद दिसू देत नाही. त्यावर लिहा, त्यावर चिडा, मी तुमच्या बरोबर आहे.

तसंच ते ‘जवानांना सवलत’ प्रकरण. एका हॉटेलात ओळखपत्र बघून दहा टक्के कमी केले आणि मग मालक म्हणाला, गणवेशातला एक फोटो द्या, आमच्या पानावर टाकतो. मी पूर्ण बिल भरलं.

जवानासाठी काही करायचंच असेल तर बेकरीत बसल्या बसल्या होण्यासारखं एक काम आहे. दारातला तो मशीनवाला गार्ड दिवसभर पिंक पिंक आवाज ऐकून कंटाळलेला असतो, पिशवीत तो बघत नाही. बघतो तो वेटर. कुठलं टेबल कधी उठलं, कोणाची पिशवी कुठं होती, हे त्याला माहीत असतं. खुर्चीखाली बेवारस काही दिसलं तर हात लावू नका, त्याला हाक मारा, सगळ्यांना लांब करा, 112 ला फोन करा. आणि खोटा गजर निघाला तर त्या पोराची थट्टा करू नका. पुढच्या वेळी तो सांगणार नाही.